जयवंताची बारा वर्षं

साजगाव, ता. खालापूर
१४ नोव्हेंबर २०२३

॥ श्री ॥

साईनाथभावजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ‘बरं हाय, समदं बरं हाय’ म्हणते ते खरं मानू नका. फोन स्पीकरवर असतो आणि आई त्याला कान लावून बसतात. तुमी हॅलो म्हणायच्या आत त्या विचारतात, “दादा गावला का रं?” त्यांच्यादेखत मी काय बोलणार? म्हणून लिवते. उलट पत्र घरी टाकू नका, अंगणवाडीच्या पत्त्यावर टाका. मी तिथं मदतनीस हाय हे पोस्टमनला ठावं हाय. आणि अंगणवाडीच्या बाईंच्या मोबाईलवर तर चुकून बोलू नका, त्यांना कळलं की संध्याकाळपातुर खोपोली स्टेशनावर कळतं.

तुमी तवा बारावीत व्हता, म्हणून परत एकदा नीट सांगते. तुमचे दादा २०११ ला जहाजाचं वेल्डिंग करायला तिकडं गेले. पुढच्या साली शेजारच्या चिंधीमावशीच्या पदूला नेलं. तो जुलैत जहाजाच्या टाकीत पडून मेला, त्याची पेटी आली. श्रावणात तुमच्या दादांचा शेवटचा फोन आला, त्याच गावातनं, फामागुस्ता म्हणून. त्यानंतर ना फोन, ना पेटी.

आता अडलंय ते असं. ऋतिकाला कशेळ्याचं स्थळ आलंय. मुलगा मेडिकलच्या दुकानात हाय, साधा, हसरा. पण त्याचा काका येऊन बसला आणि म्हणाला, “पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावामागं काय छापायचं? श्री. का कै.?” मी चहा करायला उठले ती उठलेच. काय सांगू? हळदीकुंकवाला अर्ध्या बाया मला कुंकू लावतात, अर्ध्या मला टाळून पुढं जातात. येत्या श्रावणात बारा वर्सं भरतील. बेपत्ता माणसाला बारा वर्सांनी मेला धरून करतात तो पळसविधी मग करायला लागंल, असं भावकी म्हणते.

तुमी कामाच्या निमतानं तिकडं गेलात ते माझ्यासाठीच, मला कळतं. एकच बघा भावजी. हाय का नाय? जे असंल ते सांगा, गोड करून सांगू नका.

तुमची वहिनी,
वनिता

*

फामागुस्ता
६ जानेवारी २०२४

॥ श्री ॥

वहिनींना साईनाथचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. तुर्कस्तानमार्गे टपाल येतं, त्याला महिना गेला. काम बरं आहे. इमारतीचं लोखंड बांधतो. खोलीत आम्ही सहा जण, त्यातला एक नांदेडचा आहे, त्यामुळे भांडायला तरी मराठी मिळते.

गाव कसं आहे ते सांगतो. पेठच्या किल्ल्यावर आपण ट्रीपला गेलो होतो तसा हा किल्ला नाही. हा सपाटीवर समुद्राला टेकून आहे आणि अख्खं गाव त्याच्या पोटात. सात-आठशे वर्षांचं म्हणतात. तट इतका रुंद की वरून टेंपो जाईल. बाहेर कोरडा खंदक. आत पडकी चर्चं किती ते मोजायचा मी नाद सोडला. मधोमध एक भलं थोरलं चर्च आहे, त्याला मिनार लावलाय, म्हणजे आता ती मशीद आहे. दारात एक झाड आहे वहिनी, आपलं उंबरच म्हणा, खोडालाच फळं लगडलेली. पहिल्या दिवशी मी मूर्खासारखा चप्पल काढून त्याला हात जोडले. लोक बघत होते.

दर रविवारी दादाचा फोटो घेऊन आत जातो. बंदरावर विचारलं. ज्या ठेकेदाराकडे दादा होता तो केव्हाच गाशा गुंडाळून गेलाय. फोटो बघून लोक मान हलवतात. फोटो बारा वर्षांपूर्वीचा, त्यांचाही दोष नाही. एका खाणावळवाल्याने मात्र फोटो जरा जास्त वेळ धरला आणि मग नाही म्हणाला. पुढच्या रविवारी परत जाईन.

धीर सोडू नका.

साईनाथ

*

साजगाव
२ फेब्रुवारी २०२४

॥ श्री ॥

भावजींना आशीर्वाद.

धीर सोडू नका हे मला सांगू नका. धीर धरूनच हात दुखायला लागलेत. त्या खाणावळवाल्याकडं गेला का?

भटजींना विचारून आले. पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि माणसाला देतात तसा अग्नी द्यायचा. मग दहावं, तेरावं, समदं. आईंना कळलं तर त्यांनी दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाय. म्हणाल्या, “माझा जयवंता जित्ता हाय. पोटात कळतं मला. त्याला पेटवायला निघालीस व्हय गं?” अख्ख्या गावात आता त्या एकट्याच म्हणतात. मी सुदीक म्हणत नाय.

कशेळ्याची माणसं दिवाळीपातुर थांबतील.

वनिता

*

फामागुस्ता
१७ मार्च २०२४

॥ श्री ॥

वहिनींना साईनाथचा शि. सा. नमस्कार. आईला शि. सा. नमस्कार, ऋतिकाला आशीर्वाद.

मन घट्ट करून वाचा. दादाचा पत्ता लागला. दादा त्याच वर्षी, २०१२ च्या थंडीत, तापाने गेला. कागदपत्रं जवळ नव्हती म्हणून घरी कळवणारं कोणी नव्हतं. तटाबाहेर एक दफनभूमी आहे तिथे पुरलं. नावाचा दगड नाही. जागा मला एका म्हाताऱ्याने दाखवली. मी तिथे फुलं ठेवून आलो.

आता अडून राहू नका. पळसविधी करून घ्या, ऋतिकाचं लग्न ठरवा. पत्रिकेत कै. छापा. आईला कसं सांगायचं ते तुम्हीच बघा, माझ्याने होणार नाही.

जेवत जा वेळेवर.

साईनाथ

*

साजगाव
२० एप्रिल २०२४

भावजी,

तुमचं पत्र अंगणवाडीच्या मोरीत बसून वाचलं. रडले. पोटभर रडले, खोटं कशाला सांगू. पोरांची खिचडी करपली. मग डोळे पुसले आणि पत्र परत उघडलं, तर वर श्री.

अहो, मर्तिकाच्या पत्रावर कुणी श्री लिवतं? वरनं शिरसाष्टांग नमस्कार, आशीर्वाद! सुतकात नमस्कार करतात व्हय? तुमचे बाबा गेले तवा मामाला पत्र तुमीच लिवलं व्हतं, श्री न घालता, कोपरा फाडून. तवा तर शाळेत व्हता, तरी चुकला नाय. म्हटलं, परदेशात राहून इसरला असंल.

मग परवा तुमी आईंशी व्हिडिओवर बोललात. मी मागं उभी राहून बघत व्हते. मिशी जागच्या जागी. डोक्यावर केस, नीट भांग पाडलेला. सख्खा थोरला भाऊ गेल्याचं कळलं आणि साजगावचा माणूस मिशी उतरवत नाय? नांदेडवाल्यानं उतरवून दिली असती की.

तुमाला खोटं बोलता येत नाय, आणि मला खोटं ऐकायची आता ताकद नाय. आईंना मी काय बी सांगितलेलं नाय. खरं लिवा.

वनिता

*

फामागुस्ता
१९ मे २०२४

॥ श्री ॥

वहिनी, माफ करा. आईची शपथ मोडून लिहितो आहे, ती दादानेच घातली होती.

दादा जिवंत आहे.

फेब्रुवारीत त्या खाणावळवाल्यानेच नेलं. तटाला लागून एक गल्ली आहे, तिथे एका विधवा म्हातारीच्या पडवीत दादा सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. सगळे त्याला उस्ता म्हणतात, म्हणजे मिस्त्री. पाठमोरा बसला होता, मान एका बाजूला टाकून. मला वाटलं, बाबाच बसलेत. मी “दादा” म्हटलं तर दगडाचं चाक थांबलं, पण त्याने वळून बघितलं नाही. म्हणाला, “बापू, तू कशाला आलास रं?” मला बापू म्हणणारं दुसरं कोण आहे?

वहिनी, तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, दुसरी बाई वगैरे काही नाही. म्हातारी आईच्या वयाची आहे, त्याला भाकर देते. डावा डोळा वेल्डिंगने गेलाय, उजव्यानेही कमी दिसतं. केस सगळे पांढरे. पासपोर्ट ठेकेदाराबरोबर गेला. पण ते कारण नाही. कारण पदू आहे.

पदूला पट्टा न बांधता टाकीत उतरवलं होतं. तो पडला तेव्हा ठेकेदाराने दादापुढे कागद ठेवला, की पदू पिऊन आला होता, पट्टा त्यानेच सोडला. दादाने सही केली. नाही केलीस तर तुलाच आत टाकू म्हणाले. पदू त्या दिवशी थेंबभरही प्यायला नव्हता. दादा म्हणतो, “त्याच्या आईच्या दाराशेजारी माझं दार. रोज सकाळी कोणत्या तोंडानं उघडू?” आधी म्हणाला एक महिना जाऊ दे, मग वर्ष, मग ते तसंच राहिलं. मला म्हणाला, मेला म्हणून सांग, आईची शपथ आहे.

मी सांगितलं. मला वाटलं, निदान तुम्ही सुटाल.

साईनाथ

*

साजगाव
१६ जून २०२४

भावजी,

चार दिवस पेन हातात घेतलं नाय. कुठं काय लिवलं असतं देव जाणे.

आधी त्यांना हे वाचून दाखवा. तो कागद पेटीबरोबरच आला व्हता. त्याची झेरॉक्स. पोलीस पाटलानं चिंधीमावशीच्या अंगणात समद्यांसमोर वाचली. खाली जयवंता अशी सही. मावशी त्या रडण्यात सुदीक म्हणाली, “माझा पदू पीत नव्हता. जयवंताला धाकानं सही करायला लावली असंल. पोरगं एकलं पडलं असंल तिकडं, त्याला म्हणावं घरी ये.” तेराव्याला म्हणाली, वर्सश्राद्धाला म्हणाली. अजून संक्रांतीला तिळगूळ देते मला. पहिल्या महिन्यातच ही गोष्ट संपली व्हती, भावजी. बारा वर्सं तुमचे दादा ज्या गोष्टीपास्नं लपले ती गोष्ट हितं कुणाच्या मनातसुदीक नव्हती.

एक फोन केला असता तर? नुसता एक फोन?

मला त्यांचा राग येतो. खोटं नाय बोलत, असा राग येतो की भांडी आपटते. पोरगी दहा वर्सांची व्हती. दर एसटीला रस्त्यावर जाऊन उभी राहायची. मग तिनं जायचं सोडलं, मी वाट बघायचं सोडलं. आईंनी अजून सोडलेलं नाय.

सर्वपित्री दोन ऑक्टोबरला हाय. तोपातुर मी भावकीला थोपवून धरते. त्यांना म्हणावं, या. आंधळे या, भिकारी या, मी काय बी विचारणार नाय. कागद नसतील आणि यायला वर्स लागलं तरी चालंल, पण येतो म्हणून स्वतःच्या तोंडानं आईंना फोन करा. नाय केला तर मेले म्हणून त्यांनीच सांगितलंय, तसं मी करीन.

वनिता

*

फामागुस्ता
२५ ऑगस्ट २०२४

॥ श्री ॥

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र दादाला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, त्याच्या छातीवरचा धोंडा उतरेल. चिंधीमावशीचं वाचलं तसा म्हणाला, “परत वाच.” परत वाचलं. मग उठला आणि तटावर जाऊन बसला. मी मागे गेलो. म्हणाला, “म्हणजे कशासाठीच नव्हतं, बापू. पदूसाठी लपलो असं म्हणत होतो तोवर निदान काहीतरी होतं. आता वनिताला काय सांगू?”

तेव्हापासून तीनदा फोन लावून हातात दिला, आईचा “हॅलो, कोण?” ऐकला की फोन कापतो. गेल्या रविवारी मला बघून म्हातारीने आतून कडी लावली, दादानेच सांगितलं होतं.

मी हरलो, वहिनी. तुम्हाला करायचं ते करा. मी दोष देणार नाही.

साईनाथ

*

साजगाव
९ ऑक्टोबर २०२४

भावजी,

फोनवर तुमी ऐकलंच असंल, झालं समदं. पण कसं झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

सर्वपित्रीच्या सकाळपातुर मी फोन उशाशी घेऊन बसले. नाय आला. मग आईंच्या पुढ्यात बसून सांगितलं, की साईनाथभावजींना थडगं गावलं, ते बारा वर्सांमागंच गेले. तुमचंच खोटं मी उचललं. भावजी, तुमाला जमलं नव्हतं, मला जमलं. पापणी हलली नाय माझी.

पाताळगंगेच्या काठी केलं. पानं ऋतिकानंच मोजली, तीनशे साठ. नारळावर फडकं बांधलं तवा खरंच माणूस झोपल्यासारखं दिसाय लागलं. पोरीनंच अग्नी दिला. भटजी कुरकुरले, मग म्हणाले चालंल. आई येणार नाय म्हणाल्या व्हत्या, पण पेटवायच्या वेळी चालत आल्या, अनवाणी. समदी पानं जळेस्तवर उभ्या राहिल्या आणि मग खालीच बसल्या. चिंधीमावशीनं त्यांना उचललं.

मी तिथं उभी व्हते आणि मला ठावं व्हतं की तो माणूस तिकडं सुऱ्यांना धार लावत बसलाय. जित्त्या माणसाला जाणूनबुजून पेटवलं मी. बांगड्या फोडताना बाया रडत व्हत्या, मला रडूच येईना.

येताना भटजींना सहज विचारल्यागत विचारलं, की असा माणूस उद्या दारात उभा राहिला तर? म्हणाले, त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, नव्यानं जन्माला घालायचं, आईच्या मांडीवर देऊन नाव ठेवायचं आणि त्याच बायकोशी परत लगीन लावायचं. तोवर तो मेलेलाच.

लगीन माघात हाय. पत्रिका छापायला टाकली. कै. छापलंय.

वनिता

*

फामागुस्ता
१० नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

वहिनी, हे पत्र वाचताना बसून घ्या.

दादा येतो म्हणाला!

विधी झाला हे मी त्याला बंद दाराबाहेर उभं राहूनच सांगितलं. तुमचं पत्र अर्धं वाचलं आणि आई अनवाणी आली तिथे तो ओरडला, “बस.” दोन दिवसांनी आपणहून माझ्या खोलीवर आला, काठी टेकत. इतक्या वर्षांत तटाच्या दरवाजाबाहेर पहिल्यांदाच आला असेल. म्हणाला, “मला आईकडे ने. तुपात बुडवा, काय बुडवायचं ते. नाव ठेवा. वनिता हो म्हणाली तर परत लगीन लावीन, नाही म्हणाली तर पडवीत पडून राहीन.” लहान पोरासारखा रडत होता.

कागदांना वेळ लागेल. हे बेट दोन सरकारांत वाटलेलं आहे. भारताची वकिलात पलीकडच्या भागात आहे, आणि पलीकडे जायलाच कागद लागतात. पण एक वकील भेटलाय. उन्हाळ्यापर्यंत होईल म्हणतो. आईला फोनवर एकदम सांगितलं तर धसका घेईल, आधीच जेवण कमी झालंय म्हणता. तुम्ही तिच्याशी हळूहळू बोला, मग मी दादाला फोनवर देतो. आता तो फोन कापणार नाही.

साईनाथ

*

साजगाव
५ डिसेंबर २०२४

भावजी,

तुमचं पत्र या खेपेला दहा दिवसांतच, वीस तारखेला आलं. आई बावीसला गेल्या. फोनवर तुमाला एवढंच सांगितलं की झोपेत गेल्या. शेजारी माणसं व्हती. आता बाकीचं लिवते.

विधीनंतर त्यांनी अन्न कमी कमी करत आणलं. दुखत-खुपत काय नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी मनात म्हटलं, वय बारा वर्सं झालंच व्हतं की. तवा सकाळी उठून अंगण झाडायच्या, दारात बसून एसट्या मोजायच्या. पुतळा जळला त्या दिवसापास्नं दाराकडं त्यांनी पाठ केली.

तुमचं पत्र वाचलं आणि धावत घरी आले. अंगणवाडीचं दार सुदीक लावलं नाय. हळूहळू बोला म्हणालात, पण वेळ कुठं व्हता? त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी सांगितलं, “आई, ते जित्तं हायेत. भावजींना गावलेत. येणार हायेत तुमाला भेटाय.” समदं सांगितलं. पदूचं, सहीचं, डोळ्याचं, धारेच्या चाकाचं. मी खोटं बोलले व्हते म्हणून पाय धरले. तुमाला फोन लावला, तो तुमच्या साइटवर लागला नाय, दुसऱ्या दिवशी बी नाय.

आईंनी ऐकून घेतलं. सावध व्हत्या, चांगल्या सावध. माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, “मला आता धीर देऊ नको गं पोरी. माझ्या डोळ्यांदेखत जळला तो.” मी शपथ घेतली, तुमचं पत्र दाखवलं. म्हणाल्या, “साईनाथ लहान हाय, त्याला माझं वाईट वाटतं, म्हणून लिवतो.” दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं तर त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. तिसऱ्या दिवशी गेल्या.

तुमी दोघंबी तिकडं, म्हणून अग्नी ऋतिकानंच दिला. दोन महिन्यांत दोनदा. आता ती म्हणते, लगीन वर्सभर पुढं ढकला.

तुमी शपथ मोडली म्हणून आई गेल्या असं मनात आणू नका. तुमी खरं लिवलं व्हतं. मी ते पाच महिने दडवून ठेवलं.

तुमच्या दादांना सांगा, तूप मिळंल, भटजी मिळंल, पण मांडीवर घ्यायला आई नाय. माझं म्हणाल तर मी परत लगीन लावणार नाय. रागानं नाय म्हणत, राग गेला. त्यांच्यासंगट बसून रोज आईंचं ते बोलणं आठवंल, ते मला जमायचं नाय. ऋतिकाला अजून काय सांगितलेलं नाय. तिला काय सांगायचं हे तुमाला सुचलं तर कळवा, मला सुचत नाय.

हे पत्र त्यांना पुरतं वाचून दाखवा. बस म्हणाले तरी थांबू नका. मग यायचं का नाय ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

वनिता